गेलास की राहिलास

खिलेशभाऊ, शनिवारी सकाळी तुझं नाव ट्रॅकवर फिरलं.

तुझी तेरवी होऊन गेली होती. मी पिटच्या भिंतीला टेकून पाटी घेऊन उभा होतो. दुसरीकडे कुठं उभं राहावं हे मला अजून शिकायचं आहे. सराव सुटला, मोटारसायकली समोरून गेल्या, आणि पाठीमागं आपलं गॅरेज एकदम गप्प झालं. आपलं गॅरेज कधी गप्प नसतं, तुला माहीत आहे. कोणाचा पाना खणकतो, कोणी कोणाला शिवी हासडतो, मॅनेजर सरांचा फोन वाजत राहतो. मी वळून पाहिलं तर सगळे वरच्या स्क्रीनकडं पाहत होते. स्क्रीनवर रायडरांची नावं, नावांपुढं वेळ. त्या नावांच्या मधोमध तू. तुझ्यापुढं आकडे पळत होते, जसे जिवंत माणसापुढं पळतात.

कारण साधं निघालं. ते आपल्या केतकीनं सांगितलं, पुण्याची केतकी, जी गाडीतून निघालेले आलेख वाचते. गाडीला ती छोटी काळी डबी बसवलेली असते ना, रेषा ओलांडली की वेळ नोंदवणारी, ती तुझ्या नावावर होती. तुझ्या गाडीवर आता मणी बसला होता, मदुराईचा पोरगा, तुझ्या जागी घेतलेला. माणूस बदलला, डबी तीच राहिली. टायमिंगच्या खोलीत कळवलं तर ते म्हणाले, सेशन संपलं की बदलतो. तोवर तू फिरत राहिलास. एका लॅपला वर चढलास, मग खाली आलास, मग थोडा वेळ नाव पिवळं होऊन थांबलं. मणी वळणावर बाहेर गेला होता म्हणे, मातीत.

मला कारण कळलं. माझ्या हाताला कळलं नाही. मी आकडा उलटा लावला, मणीनं नंतर विचारलं, सहा होता की नऊ.

हात का चुकला ते सांगतो. त्याच आठवड्यात काकीचा फोन आला होता, तुझ्या आईचा. मी घाबरतच उचलला. मला वाटलं रडतील, आणि रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला येत नाही. पण काकी रडल्या नाहीत. शेतावरची गोष्ट सांगावी तशा सांगत होत्या. तुला घेऊन गेले त्या रात्री, जिथं तुला ठेवलं होतं त्या जागेवर त्यांनी पीठ पसरलं, मधात दिवा ठेवला, वरून टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून पाहतात, पिठात कोणाचा पाय उमटला ते. पाखराचा, गुराचा, लेकराचा. त्यावरून समजायचं, गेलेला माणूस कोणत्या वाटेला लागला.

"कायचाच पाय नाही उमटला बापा," काकी म्हणाल्या. "रेघ उमटली. सिधी रेघ, दरवाजाकडं."

काका म्हणाले होते, मुंगळा गेला असेल. शेजारचे म्हणाले, वारा. टोपलीखाली वारा कुठून येते, काकी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "चाकाची होती ते. तो तुह्याकडं येऊन राहिला का, पायजो बरं."

आमच्या घरी असलं काही मानत नाहीत, तुला माहीत आहे. माझा बाप दर पौर्णिमेला विहारात हेच सांगत आला, की मेलेलं माणूस कुठं येत नाही, जात नाही, दिवा विझतो तसं विझते. मी त्याच्याच मांडीवर ऐकत वाढलो. पण त्या बाईला हे सांगायला जीभ कुठून आणू? पाहतो काकी, म्हटलं. आणि शनिवारी मी पाहिलं.

भाऊ, मी तुला लिहून राहिलो, त्याला कारण आहे. आपलं एक भांडण अर्धं पडलं आहे. तू म्हणाला होतास, आल्यावर बोलू.

पण आधी दुसरं लिहितो, जे मी कधी तोंडानं बोललो नाही. मी आठवीत शाळा सोडली. लोकांना सांगतो घरची परिस्थिती. तुला खरं माहीत होतं. नववीला आमच्या दरेकसावरून रेल्वेनं सालेकसाला जावं लागत होतं, आणि मला रेल्वेची भीती. स्टेशनाच्या गावात जन्मलो, डोंगरातून गाडी येताना भांडी थरथरतात त्या घरात झोपलो, आणि गाडीत पाय ठेवायची हिंमत नाही. तू यावर किती हसलास. सगळ्या टीमला सांगितलंस. मग त्याच गाडीत माझ्याबरोबर बसून मला दीड दिवसाच्या अंतरावर इथं, तमिळ मुलखात घेऊन आलास, आणि पूर्ण रस्ता मला खिडकीत बसू दिलं नाहीस. म्हणालास, बाहेर पाहशील तर उतरून पळशील.

गोंदियाच्या ज्या गॅरेजात तू मला पाहिलंस तिथं मी रोज शिव्या खात होतो. एक नट कसला की मी पुन्हा जाऊन पाहायचो. मग पुन्हा. मालक म्हणायचा, एका गाडीला तीन गाड्यांचा टाइम लावते हा. तू तुझी गाडी घेऊन आला होतास, कामठ्याच्या रस्त्याची धूळ अंगभर. बराच वेळ मला पाहत राहिलास. मग म्हणालास, "अबे, ते नट काय पळून जाऊन राहिलं का?" मी पाना पुन्हा नटाला लावला. मालक हसला. आणि तू मालकाला म्हणालास, मले असाच भेकड पाहिजे, भेणारा माणूस नट ढिला सोडत नाही.

आजवर माझ्या भीतीला कोणी कामाचं म्हटलं नव्हतं. घरी तिला रोग म्हणत, शाळेत मठ्ठपणा. तू तिला नोकरी दिलीस. हे तुला सांगायचं होतं. रोज तुझ्या गाडीचे बोल्ट सुटू नयेत म्हणून तार बांधताना सांगायचं होतं. पण तू असलास की तोंडात दुसरंच यायचं. भाऊ, ग्लोव्ह घाल नीट. भाऊ, चहा सांडशील.

आणि पाटी. ती तर योगायोगानं हातात आली. रेसमध्ये धावणाऱ्याला काही ऐकू येत नाही, त्याला कितवा आहेस, मागचा किती दूर, लॅप किती उरले, हे भिंतीवरून पाटीवर दाखवायचं असतं. ज्याचं ते काम होतं तो एकदा तापानं पडला. सरांनी विचारलं, कोणाला आकडे येतात? तू मला कॉलरला धरून पुढं ढकललंस. संध्याकाळी सगळ्यांना चहा देत म्हणालास, शाळेतली पाटी टाकून पळाला अन् पाहा, पाटीनं इथंवर येऊन पकडला. तेव्हापासून माझं नाव पाटीवाला. सेल्वासुद्धा म्हणतो, आपला दुसरा रायडर, त्याला मराठीचा गंध नाही, तरी "पाट्टीवाला" म्हणतो.

आकड्यांच्या पट्ट्या कंपनीच्या होत्या. अक्षरांच्या तीन आपण बनवल्या. तूच सांगितलंस, शेजारच्या टीमवाल्यांना आपली पाटी कळते, त्यांना न कळणारं काहीतरी पाहिजे. मी काळ्या पट्टीवर पिवळ्या रंगानं लिहिलं. 'ये', म्हणजे पिटमध्ये ये. 'जा', म्हणजे समोरच्याला धर. 'रा', म्हणजे आहेस तिथंच रा. अक्षर वळणदार नाही, पण मोठं आहे. दोनशेच्या वेगानं वाचायचं आहे, गुरुजींना दाखवायचं नाही, असं तू म्हणालास.

केतकीला त्या पट्ट्या फार आवडायच्या. आपल्या बोलण्यावर ती हसायचीच. तू फोनवर म्हणायचास, "हो, जाऊन राहिलो," की ती तिकडून, "गेलास की राहिलास? एक काहीतरी ठरव." तू म्हणायचास, आमच्याकडं दोन्ही एकदम होते बाई. ती म्हणायची, असं कसं होईल, जो गेला तो राहील कसा. आणि आपण तिघं हसायचो. तेव्हा हसायचो.

तुझ्या 'मागच्या'बद्दल मी कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो, कारण रविवारनंतर ते माझ्या एकट्याच्यानं पेलत नाही.

पहिल्या सुट्टीत तू मला घरी सोडायला दरेकसाला आला होतास. दुपारची वेळ, जंगलातला रस्ता, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घाटाच्या वळणावर तू गाडी उभी केलीस आणि इंजिन बंद केलंस. मला वाटलं पेट्रोल संपलं. तू बोट वर केलंस. ऐक, म्हणालास. मी ऐकलं. सागाची पानं वाजत होती, दुसरं काही नाही. तू म्हणालास, मागून गाडी येऊन राहिली. आपण थांबलो. एवढं थांबलो की इंजिन टिकटिक करत थंड झालं. गाडी आली नाही. तू किल्ली फिरवलीस आणि सहज सांगितलंस, जसं कोणी गुडघा दुखतो म्हणून सांगतं, की या वळणावर तू गाडी शिकलास, आणि तेव्हापासून तुला मागं एक इंजिन ऐकू येतं. ट्रॅकवरही. पहिला असलास तरी. लांब सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, एक गाडी मागं लागलेली. तू कधी वळून पाहिलं नाहीस. पाहिलं तर काय होईल, मी विचारलं. तू म्हणालास, पाहिलं अन् कोणी नसलं तं मंग पळू कोणासाठी?

मी घरी पोचलो आणि रात्री दार दोनदा लावून पाहिलं.

आता भांडण. आधीच्या राउंडचं, म्हणजे मोसमातल्या याआधीच्या रेसचं. तू विसरला नसशील.

तुझी स्वतःच्या टायटलची संधी होती. सेल्वा तुझ्या पुढं होता, आणि शेवटच्या लॅपांत तू त्याच्या चाकाला चाक लावलं होतंस. त्याला ओलांडलं असतंस तर शेवटच्या राउंडपर्यंत तुझं नाव शर्यतीत राहिलं असतं. पण एकाच टीमचे दोघं भिडले आणि दोघंही पडले तर टीमच्या खात्यात शून्य. टीम चॅम्पियनशिपचं गणित तेच आहे, दोन्ही रायडरांचे गुण एका भांड्यात. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, त्याला थांबव. मी 'रा' लावली. तू समोरून गेलास. तू राहिलास. सेल्वा पुढं, तू मागं, तशीच रेस संपली.

हेल्मेट काढून तू सरळ माझ्याकडं आलास. सरांकडं नाही. माझ्या हातातल्या पाटीत 'रा' अजून तशीच होती.

"काऊन दाखवली 'रा'?"

सरांनी सांगितलं, मी म्हटलं.

"सर सांगतीन. तू कोणाचा आहेस?"

मी म्हटलं, टीमचा. ते एवढ्या पटकन निघालं की मीच दचकलो. तुझा चेहरा अजून दिसतो. राग नव्हता. बैलाला हाक मारावी आणि तो दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वळावा, तेव्हा माणूस पाहतो तसं पाहत होतास.

मग ट्रकमध्ये, हॉटेलात, चहावर, तेच. तू म्हणायचास, टीमचं टायटल म्हणजे गावजेवण, सगळे हात धुऊन निघून जातात, कोणी वाढलं ते कोणाले आठवते? माझं म्हणणं, भाऊ, तुझ्या ट्रॉफीवर तुझं नाव येईल, पण टीमच्या ट्रॉफीत सेल्वाही आहे, केतकीही आहे, आणि एक नट दहादा पाहणाराही आहे. मला आयुष्यात दुसरं काय जिंकता येणार आहे? मग मला आठवलं, तुझ्या पणज्यानं गावचा तलाव बांधला होता. मी म्हटलं, त्या तलावाच्या पाळीवर कोणाचं नाव आहे? बांध्या तर भिजतात ना आजही. तू म्हणालास, नाव नाही म्हणूनच तं मले माह्या पणज्याचं नाव माहीत नाही. मग तू हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीला घरी निघालास आणि स्टेशनावर माझ्याशी धड बोलला नाहीस. गाडी हलताना खिडकीतून एवढंच म्हणालास, माही गाडी दुसऱ्याले नको देऊ हात लावाले.

शेवटचा फोन संध्याकाळचा. तू केलास. धान कापून झालं होतं, भाऱ्यांचे पुंजणे रचले होते, रात्री राखायला तूच झोपणार होतास. इकडचं तिकडचं बोललास. मग म्हणालास, "तुही पाटी त्या लॅपले मी पायलीच नाही. 'रा' मले रेस झाल्यावर तुह्या हातात दिसली."

मला वाटलं चिडवून राहिलास. मी विचारलं, मग राहिलास काऊन?

"मागचा होता ना. आतून घुसून राहिला होता. मी लाइन सोडली असती तं त्यानं दोघाले पाडलं असतं."

"मागं कोणी नव्हतं भाऊ. मी भिंतीवर होतो."

तिकडं कुत्रं भुंकत होतं, कोणीतरी मोटारपंप बंद केला. मग तू हसलास, आणि म्हणालास, आल्यावर बोलू.

"जाऊन राहिलो आता झोपाले."

हे तुझं शेवटचं वाक्य, भाऊ. मी ते उलटं सुलटं करून पाहिलं. नटासारखं पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. ते ढिलं होत नाही.

ट्रॅकवर उतरताना तुझ्या अंगावर चामडं, पाठीला कवच, गुडघ्याला प्लास्टिकचे ठोकळे, छातीत फुगणारी पिशवी. सगळं मी तपासलेलं. आणि घरी तू पुंजण्याजवळ जमिनीवर सतरंजी टाकून झोपलास. मण्यार चावते तेव्हा मच्छर चावल्यासारखं वाटते म्हणतात, झोपही मोडत नाही. सकाळी काका चहा घेऊन आले. मला आता इथं लॉजमध्ये पलंगावर झोपतानाही पाय खाली सोडवत नाही.

मी निघतो म्हटलं होतं. काका म्हणाले, येऊ नको, तू पोचेपर्यंत ठेवता येणार नाही. माझ्या पोटात आलं ते लिहितो: तू मला एवढ्या दूर आणलंस की तुझ्या मातीला मला पोचता आलं नाही.

रविवारी रेस होती. स्क्रीनवरचं नाव तोवर बदललं होतं, तुझ्या जागी मणीचं नाव. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं, कोणीतरी पीठ झाडून टाकलं.

सकाळी सरांनी सगळ्यांना गोळा केलं. टीम टायटल मिळालं तर पुढच्या वर्षी टीम उभी राहील, नाही मिळालं तर शटर खाली. सेल्वाला कोणीही घेईल, केतकीला चार ठिकाणी बोलावणं आहे. माझ्याकडं एक आठवी आहे, आणि ज्याला माझी भीती कामाची वाटत होती तो माणूस गेला होता. सरांनी फळ्यावर टीमचे गुण मांडले. मला वाटलं होतं तुझे वजा करतील. नाही केले. केतकी म्हणाली, वजा कसे होतील, मिळालेले गुण राहतात. माणूस नसला तरी त्या भांड्यातले त्याचे राहतात. असं म्हणताना ती माझ्याकडं पाहत होती, आणि तिच्या तोंडावर काहीतरी आलं. तिलाही तिचा जुना विनोद आठवला असणार. ती पटकन बाहेर गेली.

रेस तुला सांगायला नको, पण सांगतो. सेल्वा दुसरा, मणी चौथा, आणि दोघं तिथंच संपवतील तर टायटल आपलं. मणीच्या समोर तिसरा अगदी जवळ होता. मणीच्या मागं बराच वेळ कोणी नव्हतं. पाचवा दिसेपर्यंत मी पाटी खाली ठेवून पुन्हा उचलू शकत होतो, एवढं अंतर. पोरगा नवा, त्याला दाखवून द्यायचं होतं. प्रत्येक वळणावर तो तिसऱ्याच्या आत नाक घालून पाहत होता. सर माझ्या कानाशी आले. त्यांनी काय म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही, कारण ते मला आधीपासून माहीत होतं.

मी 'रा' काढली. मणीला देवनागरी येत नाही. सकाळी त्याला चित्रासारखं दाखवून ठेवलं होतं, हे दिसलं की जागेवर राहायचं. पट्टी खाचेत सरकवताना बोटांना कळलं की ही पट्टी मी दुसऱ्यांदा त्याच गाडीला दाखवून राहिलो. तोच आवाज, तेच तुझं इंजिन, मी बांधलेल्या तारा. गाडी सरळ रस्त्यावर आली. मी भिंतीवरून पाटी बाहेर धरली. गाडी गेली. आणि ती गेल्यावर, भाऊ, पाटी खाली घ्यायच्या आधी, माझ्या तोंडावर वाऱ्याचा एक फटका आला. गाडी गेल्यावर येतो तसा. दुसऱ्यांदा.

मी म्हटलं, भिंतीला आपटून वारा परत आला असेल. अजूनही तेच म्हणतो.

मणी राहिला. पुढच्याच लॅपला तिसरा डावीकडच्या वळणावर स्वतःच घसरला, गाडी फिरत फिरत नेमकी त्या जागेतून गेली जिथं मणी घुसायला पाहत होता. मणी बाहेरून सावकाश निघाला आणि तिसरा आला. सेल्वा दुसरा. टीम टायटल आपलं. लोक भिंतीवर चढले, सर रडले, कोणीतरी मला उचललं. मी पाटी सोडली नाही.

मणी गॅरेजात आला, हेल्मेट काढलं. सगळे त्याला थोपटत होते. तो गर्दीतून मलाच शोधत आला. त्याचं हिंदी माझ्यासारखंच तुटकं.

"पीछे कौन था?"

मी म्हटलं, कोई नहीं.

तो म्हणाला, था. पूरा टाइम था. आतून घुसत होता, म्हणून मी लाइन सोडली नाही. त्यानं हातानं दाखवलं, इथं, कोपराच्या मागं.

मी विचारलं, बोर्ड देखा ना? 'रा'?

"बोर्ड?" तो म्हणाला. "बोर्ड नहीं देखा, अण्णा."

भाऊ, मी त्याला तुझ्या मागच्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. मी कोपऱ्यात टायरांच्या ढिगावर बसलो. दोनदा मी ती पाटी धरली, दोनदा ज्याच्यासाठी धरली त्यानं पाहिली नाही. मग मी ती कोणाला दाखवून राहिलो होतो? पहिल्या वेळी तुझ्या मागं कोण होतं, ते मला माहीत नाही, त्याचा विचार मी दिवसाउजेडीच करतो. पण रविवारी मणीच्या मागं जो होता त्याला देवनागरी येत होती. त्या अक्षराचा पिवळा रंग कोणत्या डब्यातला हेही त्याला माहीत होतं. मी त्याला सांगितलं होतं, रा.

ट्रॉफी आली. मी आधी नावं शोधली. त्यावर टीमचं नाव आहे फक्त. सेल्वाचं नाही, मणीचं नाही, तुझं नाही. तू खरा ठरलास, घे. पण सरांनी तिच्यात पाणी ओतून सगळ्यांना प्यायला दिलं, उन्हानं जीव गेला होता, आणि ते पाणी मीही प्यालो. बाकीचं आल्यावर बोलू, असं तू म्हणाला होतास. मी वाट पाहून आहे. भांडण मी सोडलेलं नाही.

संध्याकाळी काकीचा फोन आला. मी जिंकल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांना ते नको होतं.

"येऊन राहिला का बापा तिकडं?"

पाटी समोर भिंतीला टेकलेली होती. 'रा' अजून खाचेतच होती, मी काढली नव्हती. माझा बाप आठवला, विहार आठवलं, विझलेला दिवा आठवला. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. मग मला आपलीच बोली सापडली, जिच्यात दोन्ही एकदम होते.

"येऊन राहिला, काकी."

मग त्यांनी नाक ओढलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "मंग दोघं जेवून घ्या."

मी दोन ताटं घेतली नाहीत, भाऊ. पण बाकावर जरा सरकून बसलो.